गिट्टी फिरवायची राहिली

नेमबाजीची निवड चाचणी दुसऱ्या दिवसावर आली आणि थोरलीच्या पायाला भिंगरी लागली. कपाटापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून कपाटापर्यंत. मधेच थांबायची, पिस्तूल भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर रोखायची आणि चाप ओढायची. टक्.

"ताई, किती ते टकटक! भिंतसुद्धा शरण आली," धाकटी आतून ओरडली.

"तुला काय जातंय बोलायला? पहिल्या फेरीत मी आहे."

"आणि दुसरीत मी. पिस्तूल दोघींत एकच आहे, बाईसाहेब. गिट्टी फिरवतेस ना?"

"फिरवते गं!"

क्लबाने दोघी बहिणींना मिळून दिलेलं ते पिस्तूल छोट्या गोळीचं होतं. आत गोळी नसताना चाप ओढला, की त्याची पिन गोळी बसते त्या घराच्या कडेवर आपटते आणि कड चेपत जाते. म्हणून सरावाच्या वेळी दोघी गोळीच्या घरात प्लास्टिकची गिट्टी घालायच्या, भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात ती. पिनेचा मार गिट्टी खायची. दर खेपेला तिला जरा फिरवायचं, एवढंच पथ्य. एकाच जागी मार बसला, तर ती चिरते.

पिस्तूल पेटीत ठेवताना थोरलीने गिट्टी बाहेर काढली. कड एका जागी आरपार चिरली होती. आज आपण ती फिरवलीच नाही, हे तिला तेव्हा उमगलं. तिने गोळीच्या घराच्या तोंडावर नख फिरवलं. खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी टोचलं. भास असेल, असं म्हणत तिने पेटी बंद केली. धाकटीला काही बोलली नाही. रात्रभर मात्र कूस बदलत राहिली.

चाचणीला पहिली गोळी घरात पूर्ण बसेना. अंगठ्याने रेटली तेव्हा गेली. नेम छान लागला. दुसरी गोळी अंगठ्यालाही दाद देईना. कशीबशी गेली, पण उडाल्यावर रिकामी पुंगळी घरातच चिकटली. थोरलीने ती नखाने उकरून काढली. मागच्या बाकावर धाकटी पाय हलवत बसली होती. तिला यातलं काही दिसत नव्हतं.

रेटत रेटत फेरी पार पडलीही असती. नाहीतर पुंगळी अशी अडकली असती, की दुसऱ्या फेरीला पिस्तूलच नाही. थोरलीने तिसरी गोळी हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. मग हात वर केला.

हत्यारं तपासणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे कानसकाका म्हणत. त्याने भिंग लावून पाहिलं.

"पोरी, कड आत आलीय. दाबून मागे सारायला हवी."

"दुसऱ्या फेरीपर्यंत होईल?"

"होईल. पण तुझी फेरी गेली. फेरी सोडली की बाद, नियम ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. तुम्ही करा."

धाकटी धावत आली. "काय झालं? बाहेर का आलीस?"

"कड चेपली. काका नीट करतायत. तुझ्या फेरीला मिळेल."

धाकटीने तिच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. "गिट्टी फिरवली नव्हतीस."

"नव्हती."

"आणि काल कळलं होतं."

थोरलीने होकारार्थी मान हलवली.

"काल सांगितलं असतंस, तर सकाळी लवकर येऊन काकांकडून करून घेतलं असतं ना! दोघीही खेळलो असतो!" धाकटीचा आवाज चढला. मग तिने ओठ घट्ट मिटले. "मी जिंकले तर तुझ्यामुळे, हरले तरी तुझ्यामुळे. झकास सोय करून ठेवलीस."

"रागाने हात थरथरेल. आधी पाणी पी."

"शिकवू नकोस!" असं म्हणून तिने बाटली हिसकावून घेतली आणि गटागटा प्यायली.

पुकारा झाला. कानसकाकाने गोळी घालून दाखवली. ती अलगद आत सरकली. धाकटी पिस्तूल घेऊन निघाली, चार पावलांवर थांबली आणि मागे न वळता म्हणाली, "इथेच बस. आणि येरझाऱ्या घालू नकोस, मला मागून चाहूल लागते."

थोरली बसली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, हलायचं नाही म्हणून.