सिद्रामप्पाची सुरी

लिंबू कापलं आणि त्यातून चक्क रक्त ठिबकलं! चाळीच्या अंगणात एकच गलका झाला. बायकांनी पदर तोंडाला लावले, पुरुषांनी भराभर चपला काढल्या. लिंबू सिद्धेश्वरीच्या आईनं, शिवबाईनं, स्वतः सात रस्ता चौकातल्या गाडीवरून आणलेलं, तेव्हा शंकेला जागाच नव्हती.

"बगा! पोरीच्या मानगुटीवर बसलंय!" सिद्रामप्पा देवऋषी गरजला. या गृहस्थाकडे मूळव्याधीपासून कोर्टाच्या तारखेपर्यंत सगळ्यावर लिंबूच चाले. "मरणाचं वारं हाय हे. घरात मरणाचं नाव काढायचं न्हाय. पोरीला कायबी इचारायचं न्हाय. इचारलं की आलंच म्हणून समजा!"

समोर बसलेल्या सिद्धेश्वरीला काहीच वाटलं नाही. भीती नाही, लाजही नाही. शाळेचे गणवेश शिवणारी ही पोरगी कितीतरी दिवस मशीनवर बसली नव्हती. जेवणाला चव नव्हती, झोप नव्हती, रडूसुद्धा येत नव्हतं. आपण नसलो तर बरं, असं रोज मनात येई. ते कुणाला तरी सांगायचं होतं, पण कुणी विचारायचंच नाही असा आता हुकूम सुटला. आईसुद्धा तिच्याशी फक्त भाकरी-आमटीचं बोलू लागली.

रविवारी सकाळी त्याच अंगणात नाटकवाले आले. अनिसा आणि खालिद, दोघं भावंडं. अनिसा झाली होती न जेवणारी, न बोलणारी मुलगी. मध्येच खेळ थांबवून खालिदनं लोकांना विचारलं, "आता हिचं काय करायचं, तुमीच सांगा."

"लगीन लावा!"

"सिद्रामप्पाकडं न्या की!"

"नेऊ की," म्हणत खालिदनं झोळीतून सुरी काढली. लिंबू लोकांकडूनच मागून घेतलं, कापलं, आणि रक्त! पुन्हा तोच गलका. मग त्यानं सुरी स्वच्छ धुतली आणि दुसरं लिंबू कापलं. साधा रस निघाला.

"सुरीवर जास्वंदीची फुलं घासून वाळवलीती. लिंबाचा आंबट रस लागला की लाल होतंय. लिंबू तुमचंच असतंय हो. सुरी कुणाची असती, ते आठवा!"

लोक ओशाळून हसले. शिवबाई हसली नाही. "आन् नाव काढलं की मरण येतंय म्हनं, ते?"

"तेबी खोटंच, मावशी," अनिसा म्हणाली. "इचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं शिरत न्हाय. आत असलेलं भाईर येतंय. या, मला इचारून बगा."

शिवबाई रिंगणात गेली. अनिसासमोर क्षणभर उभी राहिली आणि तशीच वळून कडेला बसवलेल्या लेकीपाशी येऊन बसली.

"सिद्धे, तुला मरावं वाटतंय का गं?"

"व्हय," सिद्धेश्वरी म्हणाली.

खालिदनं ढोलकी वाजवून लोकांना आपल्याकडे वळवून घेतलं.

वारंबिरं काही आलं नाही. शिवबाईनं लेकीचा हात घट्ट धरला. "कवापासनं?" तिनं विचारलं, आणि सिद्धेश्वरी सांगू लागली. बधिरपणा तसाच होता. आईचा हात गरम आहे, एवढं मात्र तिला कळलं. खेळ संपल्यावर अनिसानं १४४१६ या सरकारी हेल्पलाइनला फोन लावून दिला. त्या रात्री शिवबाई लेकीपाशीच निजली आणि सकाळी तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला वेळ लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

मनही आजारी पडतं आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या घरात कुणी असं गप्प झालं असेल, तर लिंबं आणत हिंडू नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा. आणि उत्तर 'व्हय' आलं, तर घाबरून उठून जाऊ नका.