सहा इंची खिळा

घोरपडीचं रेल्वे फाटक पडलेलं होतं आणि बाबा भर रस्त्यात उताणे पडल्यासारखे दिसत होते. खरं तर ते बसले होते. नवारीची बैठक जमिनीपासून जेमतेम फूटभर, पाठ मागे रेललेली, पाय पुढे पेडलवर. पुढे दोन चाकं, मागे एक. ट्रकवाल्यांना दिसावं म्हणून मागे बांबूच्या काठीवर लाल फडकं. मी स्कूटीवर त्यांच्या मागे.

शेजारच्या स्कूटरवाल्या गृहस्थांनी बराच वेळ निरखून घेतलं.

"काय हो, झोपायला घरी जागा नाही का?"

"आहे," बाबा म्हणाले. "पण तिथे वारा येत नाही."

दीड वर्षापूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. डावा पाय बराच सावरला, तोल मात्र गेला तो गेलाच. चौतीस वर्षं विश्रांतवाडीहून सायकलने कारखान्यात गेलेला फिटर खिडकीशी बसून राहिला. संजयदादा खराडीच्या आयटी कंपनीत. अशा आडव्या तीनचाकीचं इंटरनेटवरचं चित्र त्यानेच ऑफिसातून छापून आणलं, गंमत म्हणून. बाबांनी ते गमतीत घेतलं नाही. दोन जुन्या सायकली कापून सहा महिन्यांत त्यांनी ही उभी केली. नट आवळून झाला की नटावरून बोल्टवर एक सलग लाल रेघ ओढायची, ही त्यांची कारखान्यातली सवय. नट जरा सरकला तरी रेघ तुटलेली दिसते. घरी रंग नव्हता, म्हणून माझं नेलपॉलिश वापरलं.

दादाने अट घातली होती. एम्प्रेस गार्डनपर्यंत स्वतःच्या पायांनी जायचं. वाटेत रिक्षा करावी लागली, तर गाडी भंगारात.

बाग बाबांनीच निवडली. आई तिथे अकरा वर्षं रोजंदारीवर खुरपणी करायची. डब्याला मुंग्या लागतात म्हणून बाबांनी एका महोगनीला खिळा ठोकून दिला होता, शहात्तर साली. आई जाऊन तीन वर्षं झाली. त्यांना तो खिळा बघायचा होता.

फाटक उघडलं. रुळाच्या खाचेत पुढचं एक चाक अडकलं आणि डावा पाय पेडलवरून घसरला. मागे हॉर्न सुरू झाले. मी उतरून धावले, तर त्यांनी हात वर केला. "धरू नको."

त्यांनी वाकून डावा पाय दोन्ही हातांनी उचलला, पेडलवर ठेवला, गुडघ्यावर तळवा दाबला आणि रेटलं. एकदा. पुन्हा एकदा. मागच्या बसच्या ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला. चाक वर आलं.

बागेत महोगनी सापडायला वेळ लागला नाही. बाबांनी तिच्याखाली गाडी उभी केली आणि बैठकीत पडूनच वर पाहायला लागले. दहा मिनिटं. मे महिन्याचं ऊन पानांतून त्यांच्या तोंडावर हलत होतं.

"बत्तीस वर्षांत केवढं वाढलं. खिळा पार वर गेला असणार. म्हणून तर पाठ एवढी मागे टाकली बैठकीची."

मी वनस्पतिशास्त्रात बीएस्सी केलंय. क्षणभर वाटलं, शोधू द्यावं. मग सांगून टाकलं.

"बाबा, खिळा वर जात नाही. झाड शेंड्याला वाढतं. खोड नुसतं जाड होतं. ठोकला तिथेच असतो तो."

त्यांनी वरची नजर खोडावर खाली आणली. मग म्हणाले, "म्हणजे तिच्या हाताच्या उंचीला?"

"हो."

"तू तिच्याएवढीच आहेस. डबा टांग बघू."

मी खोडाशी जाऊन हात उचलला. बोटांना सालीची एक जाड घडी लागली. तिच्या आत खिळ्याचं गंजलेलं डोकं होतं, जोंधळ्याच्या दाण्याएवढं उघडं.

"सहा इंची होता," बाबा म्हणाले. "चार इंच बाहेर ठेवला होता."

ते खोड धरून उठले. मी आधार दिला नाही. खिशातून नेलपॉलिशची बाटली काढून त्यांनी खिळ्यावरून सालीवर एक लाल रेघ ओढली.

"झाकून जाईल हा," मी म्हणाले. "दोन-तीन वर्षांत."

"मग दर मे महिन्यात येऊन बघावं लागेल."

दादाचा फोन आला. निघालात का, रिक्षा पाठवू का, विचारत होता.

"थांब जरा," मी म्हणाले. "रंग ओला आहे."

बाबा एका हाताने झाड धरून त्या रेघेवर हळू फुंकर घालत होते.