आधी पाय दाखव

गाडी वेगात असली तरच माणूस पडतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी अकोल्यात कौशल्याबाईंच्या दारातला उतार पाहावा. नालीवर टाकलेला चार हाताचा सिमेंटचा उतार. तिथं गाडी पडली तेव्हा शेळीसुद्धा तिच्या पुढं गेली असती, इतका तिचा वेग कमी होता. पण झालं ते ऐका. तुमच्याही दारात एक गाडी उभी असेल, आणि येता-जाता तिच्यावरची धूळ तुम्हीही पुसत असाल.

कौशल्याबाईंचा नवरा भगवंतराव डाळ मिलमध्ये मुकादम होता. तो गेला तेव्हा पोरगा श्याम सातवीत होता. बाईनं मिलच्या माणसांचे डबे केले, पहाटे उठून शंभर-शंभर पोळ्या लाटल्या आणि पोराला शिकवलं. कुणाच्या बापाचं खाल्लं नाही, हे वाक्य ती दिवसातून दोनदा म्हणायची, आणि ते खरं होतं. तिच्या तोंडाला गल्ली भ्यायची, तेही खरं होतं. पुढं श्याम त्याच मिलमध्ये वजनकाट्यावर लागला. दिवसभर उभ्यानं काम, पण पगार नेमानं. आता लग्नाचं पाहायचं होतं.

आणि इथंच गाडी आली.

बाईंचा दीर पंजाबराव. त्याच्या पोरानं, पियुषनं, मोठी, उंच, भारी मोटारसायकल घेतली आणि महिन्यात त्याचं लग्न जमलं. पोरगी गाडीमुळं मिळाली की पियुषच्या नोकरीमुळं, हे कोण विचारतो? कौशल्याबाईंनी आपल्या पाटल्या मोडल्या आणि श्यामला घेऊन शोरूममध्ये तशाच गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

श्याम उंचीनं बुटक्या आईवर गेलेला. गाडीवर बसला तर नुसती बोटं टेकत होती.

"आई, माह्या टाचा अधर राह्यते वो. ते बाजूची पाह्य ना, हलकी हाये, पाय पुरते टेकतात."

"हलकी गाडी घ्याले मी पाटल्या मोडल्या काय? पियुषच्या वक्ती पाहुण्यायनं आधी गाडी पाह्यली, मंग पोट्टा पाह्यला. तुह्या टाचा कोन मोजाले येते?"

पाटल्या नसलेल्या हाताकडं पाहून पोरगा काय बोलणार?

गाडी घरी आली आणि बाईंनी नेम घातला. गाडीचं तोंड रस्त्याकडं पाहिजे! येणाऱ्या-जाणाऱ्याला पुढचा दिवा दिसला पाहिजे. म्हणून रोज संध्याकाळी मिलमधून दमून आलेला श्याम त्या उतारावर गाडी वळवायचा आणि पायाच्या बोटांनी ढकलत-ढकलत मागं घ्यायचा. हलक्या गाडीला हे जमतं. त्या धुडाला नव्हतं जमत.

एका शनिवारी शेजारच्या बांधकामाची रेती उतारावर सांडलेली होती. श्यामचं डावं पाऊल रेतीवर सरकलं. गाडी कलली ती सावकाश, अगदी सावकाश. म्हणूनच त्याला वाटलं की आपण तिला धरू. सोडून बाजूला झाला असता तर वाचला असता! पण पाटल्यांची गाडी तो कशी सोडणार? तो तिला धरून राहिला आणि तीच त्याच्या घोट्यावर बसली.

बाई कणकेच्या हातानं धावत बाहेर आल्या.

"गाडी! अरे देवा, गाडीले काय झालं?"

गल्ली गोळा झाली. दोघांनी गाडी उचलली. एक म्हणाला लिव्हर गेला, एक म्हणाला आरसा फुटला. बाई टाकीवर वाकल्या. टाकीला वाटीएवढा पोचा आला होता. सगळ्यांनी तो पोचा पाहिला, त्याच्यावर बोट फिरवून पाहिलं, हळहळले. श्याम रेतीत बसून होता.

"तू काहून बसला बे? ऊठ ना! लोकं पाहून राह्यले."

तो भिंतीला धरून उठला.

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत अब्दुल गफ्फारच्या गॅरेजात नेली. गफ्फार भगवंतरावांचा जुना दोस्त, पिकल्या दाढीचा, कमी बोलणारा. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"भाभी, क्लचचा लिव्हर टाकतो, आरसा टाकतो, गियरचा दांडा वाकला तो सरळ करून देतो. बाराशेत होऊन जाते. पोचा राहू द्या. पोच्यानं गाडी बंद नाही पडत."

"पोचा राहू द्या? पुढच्या रईवारी दर्यापूरले पोरगी पाहाले चाललो आमी. तिथं पोचा घेऊन जाऊ? टाकी काढा, नवा रंग मारा. दोन रेघा पडल्या त्याही दिसू नाही पाहिजे."

"साडेसहा हजार लागतीन."

"लागू द्या."

श्यामनं मिलमधून उचल घ्यायची, बाईंनी गॅससाठी ठेवलेले पैसे काढायचे, असा हिशोब झाला. ते सगळे तिथंच संपत होते. श्याम हळूच म्हणाला, "आई, त्यातले हजार राहू दे. पायाचा एक्स-रे फोटो काढून घेतो म्हनत होतो."

"कायचा फोटो? लचकला असन. घरी गेल्यावर आंबेहळद लाव. पाय काय नवा हाये तुहा?"

गफ्फारनं हातातला पाना खाली ठेवला.

"भाभी, तीस वर्सं झाले, पडेल गाड्या सरळ करून राह्यलो मी. गाडी येते तवा मी आधी गाडी नाही पाहात, ते आननारा कसा चालते ते पाहातो. हा पोट्टा टाच जमिनीले लावून नाही राह्यला. गाडी इथं ठेवा. पैसे मंग द्या, नाही दिले तरी चालते. आधी याले डाक्टरकडं घेऊन जा."

"तुमी पाने फिरवा गफ्फारभाई, डाक्टरकी नका करू!"

"करतो ना. पाने फिरवाचाच धंदा हाये माहा," गफ्फार म्हणाला. "या गाडीचा जो पार्ट म्हनसान तो मी उद्या मांगवतो. याच्या पायाचा पार्ट कोन्या दुकानातून आनू, तेवढं सांगून जा."

बाईंनी पदर खोचला आणि चालू लागल्या. खरं बोलणाऱ्या माणसाचा राग येतो तसा त्यांना आला होता. मागून श्याम येत होता, एक पाऊल पुरतं आणि एक अर्धं टाकत.

पुढचे सहा दिवस तो वजनकाट्यावर उभा राहिला. डाव्या पायाचं वजन उजव्यावर घेत उभा राहिला. घरी आल्यावर आंबेहळद लावली. बाई डबे भरता-भरता एकदाच म्हणाल्या, "रईवारी असा फेंगडा नको चालू. मानसं म्हनतीन, पोट्टा लंगडा हाये." पाय उघडून दाखव, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ त्या घरात कुणाजवळ नव्हता. गाडी आणायला मात्र बाई दोनदा गॅरेजात जाऊन बसल्या.

रविवार उजाडला. गाडी आरशासारखी चकाकत होती.

"आई, एसटीनं जाऊ," श्याम म्हणाला.

"एसटीनं जाचं होतं तं साडेसहा हजार कायले घातले?"

श्यामनं सुजलेला पाय बुटात कोंबला. बाई ठेवणीतलं पातळ नेसून मागं बसल्या. अकोला ते दर्यापूर रस्ता तुम्हाला माहीत आहे. खड्डा आला की गियर उतरवा, खड्डा गेला की चढवा. गियर डाव्या पायानं पडतो. प्रत्येक वेळी पोराचे खांदे वर उडत होते.

"झटके काहून देऊन राह्यला? गफ्फारनं काम नीट केलं नाही वाटते," बाई मागून म्हणाल्या.

श्यामच्या मानेवरून घाम शर्टात उतरत होता.

दर्यापुरात पोरीच्या बापाचं, रामरावांचं, अवजारांचं दुकान आणि मागं घर. ओट्यावर आठ-दहा माणसं बसलेली. बाईंच्या मनासारखं झालं: गाडी फाटकात शिरली आणि सगळ्यांनी मान वळवली. श्यामनं गाडी थांबवली, डावा पाय खाली टेकला, आणि पायानं ऐन वेळी हात टेकले. गाडी तशीच कलली, सावकाश, सगळ्यांच्या देखत, त्याच बाजूला. बाई कशाबशा उतरून उभ्या राहिल्या. श्याम खाली सापडला.

"गाडी! अवो माय, कालच आनली वो दुरुस्त करून!"

माणसं धावली. गाडी उचलली. पेट्रोल सांडलं होतं, नव्या रंगावर नवा पोचा आला होता. बाई टाकी पदरानं पुसू लागल्या.

तेवढ्यात घरातून पोरगी बाहेर आली. रागिणी. शिवणकाम करणारी. अजून तिला कुणी बोलावलं नव्हतं, पोह्यांचा ट्रे आतच होता. ती सरळ श्यामजवळ जाऊन बसली.

"पायाले काय झालं तुमच्या?"

आठ दिवसांत त्या पायाबद्दल कुणी असं पहिल्यांदाच विचारलं होतं. श्यामच्या डोळ्यांत पाणी आलं.

बूट निघेना. रागिणीनं आतून कापडाची कात्री आणली आणि बूट कापला, मोजा कापला. पाऊल वांग्यासारखं काळंनिळं झालेलं. घोटा होता कुठं ते कळत नव्हतं.

"हे आताचं नाही," ती म्हणाली. "हे कधीचं हाये?"

"मांगच्या शनवारचं."

"घरी कोनी पाह्यलं नाही?"

श्याम खाली पाहत राहिला. ओट्यावरची माणसं कौशल्याबाईंकडं पाहू लागली. आणि तेव्हा बाईंना आपला स्वतःचा हात दिसला. तो अजून टाकी पुसत होता! पोर जमिनीवर पडलेलं आणि आईचा हात लोखंडावर! त्यांनी हात काढून घेतला, पण कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

रामरावांनी जीप बोलावली. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "पहिल्याच दिवशी आला असता तर नुसत्या प्लास्टरवर भागलं असतं. तेव्हा चीर होती. त्या पायावर उभं राहून, गाडी चालवून आणि पुन्हा पडून हाड सरकलंय." ऑपरेशन करून हाडाला धातूची पट्टी बसवली, चार स्क्रू टाकले. गाडी विकली ती त्यासाठी. गफ्फारनं गिऱ्हाईक आणून दिलं आणि मध्ये एक रुपया ठेवला नाही.

दहा दिवसांनी रामरावांचा फोन आला. "बाई, पोरगा लाखात एक हाये. पन पोरगी नाही म्हनते."

कौशल्याबाईंचा जुना ताठा उसळला. "लंगडा झाला म्हनून ना?"

पलीकडून फोन रागिणीनं घेतला. "नाही काकू. पायाचं मले काही नाही. तुमच्या घरात पोटच्या पोराचा पाय आठ दिस कोनाले दिसला नाही. मी तं परक्याची. उद्या मी पडली तं तुमी आधी काय पाहान, हे मले सांगा."

जिच्या तोंडाला गल्ली भीत होती ती फोन कानाला तसाच धरून उभी राहिली. फोन कधी बंद झाला तेही तिला कळलं नाही.

त्या दिवशी बाई गफ्फारच्या गॅरेजात गेल्या आणि उभ्यानंच म्हणाल्या, "चुकली मी."

"मले सांगून काय फायदा भाभी? माहा पाय धड हाये."

बाई घरी आल्या. श्याम दारात खुर्चीवर बसला होता, कुबडी भिंतीला लावून. बाई त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या, आयुष्यात कुणापुढं बसल्या नव्हत्या तशा. त्याचा पाय मांडीवर घेतला.

"दाखव."

"आता काय पाहातं वो आई?" श्याम म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. बाई त्या पायावर कपाळ टेकवून रडल्या, आणि पोरगा रस्त्याकडं पाहत राहिला.

पाय पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. दिवसभर उभं राहणं जमत नाही म्हणून मिलनं श्यामला फाटकावर खुर्ची दिली, पगार कमी केला. उतार अजून तिथंच आहे. गाडी नाही.

परवा शेजारच्या ललिताची स्कूटी वळवताना त्याच उतारावर आडवी झाली. माणसं धावली. कुणी म्हणालं, पॅनल फुटला. कुणी म्हणालं, नवीनच होती. तिची सासू दारातूनच ओरडली, "किती खर्चात पाडलं वो!" कौशल्याबाई डबे टाकून अनवाणी धावल्या. मधे आलेल्या दोघांना ढकललं.

"सरका! पडू द्या त्या स्कूटीले! इकडं ये पोरी, आधी पाय दाखव. टाच टेकव. टेकते? दुखते कुठं? खरं सांग, खर्चाचं नको पाहू!"

ललिताला काही झालं नव्हतं, कोपर तेवढं सोललं होतं. तरी बाईंनी तिला सोडलं नाही, दोन्ही पाय चाचपून पाहिले. फाटकावरच्या कामावरून लंगडत घरी येणारा श्याम कोपऱ्यावर थांबून ते पाहत होता. पाहून झाल्यावर तो बाजूनं घरात गेला.

बायांनो, बाप्पांनो, गाडी घेताना शेजाऱ्याच्या दाराकडं पाहू नका, आपल्या लेकराच्या टाचा जमिनीला टेकतात का ते पाहा. आणि गाडी पडलीच, तर तिला पडू द्या, पेट्रोल सांडू द्या, पोचा येऊ द्या. पहिला हात माणसाला लावा. कौशल्याबाईंचा हात आठ दिवस उशिरा आला. पोरानं आईला कधी एक शब्द ऐकवला नाही, पण रोज संध्याकाळी त्या उतारावर त्याचं पाऊल वाजतं, एक पुरतं आणि एक अर्धं, आणि आत पोळ्या लाटणारी आई ते वाजणं थांबेपर्यंत लाटणं उचलत नाही.