माझं बूच कापणाऱ्यांनो!

मी वासराला दूध पाजायची बाटली बोलतेय. माझ्याकडून गोड बोलण्याची आशा ठेवू नका, माझं डोकं फिरलंय.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या सडासारख्या रबरी बुचाला बारीकशी फट होती. मुद्दामच बारीक. वासरानं चोखावं, दमानं प्यावं, तोंडात लाळ सुटावी, म्हणून. गाईच्या सडातून काय धबधबा वाहतो? पण हे बोंग-ग्यूला कोण सांगणार!

बोंग-ग्यू माझा मालक. गांगवॉनच्या डोंगरात त्याचा गोठा आहे. तिथली म्हातारी गाय व्याली, पण तिला दूधच उतरलं नाही. अडलेलं वासरू ओढून बाहेर काढलं ते त्याच्या बायकोनं, माल-सुननं. आपल्या जुन्या कोटात गुंडाळून तिनं त्या कालवडीला ऊब दिली आणि नाव ठेवलं कोंगी. गेल्या हिवाळ्यात एक वासरू दगावलं होतं. "ही गेली, तर मी गोठ्यात पाऊल ठेवणार नाही," असं तिनं नवऱ्याला बजावलं होतं.

आणि या बाबाला घाई कसली? तर पत्त्यांची!

"आटप की गं बाई! तिकडं डाव खोळंबलाय," तो कोंगीवर खेकसला आणि स्वयंपाकघरातून कात्री घेऊन आला. या घरात कात्रीशिवाय पान हलत नाही. किमची कापायची कात्रीनं, भाजलेलं मांस कात्रीनं, शेवयासुद्धा कात्रीनं. मग माझं बूच तेवढं कशाला सोडायचं? कच्च!

"बघ, आता कसं भराभरा जातं!"

गेलं ना भराभरा! कोंगी ठसकली, नाकातून दूध आलं. हा मात्र डावाला पळालासुद्धा. रोज तेच. मला धड विसळायचंही नाही. व्हायचं तेच झालं, कोंगीला हगवण लागली. शेपटी बरबटली, डोळे आत गेले.

मग शहाण्यानं दूधच बंद केलं आणि भाताची पेज शिजवली! लहानपणी तापात आईनं याला पेज भरवली होती ना, मग वासरालाही पेज. अरे, तेवढ्याशा कोवळ्या पोटाला भात पचतो का? कोंगीला चोखायचंही त्राण नव्हतं. यानं तिची मान वर ताणली आणि माझ्यातून पेज ओतायला लागला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता!

तेवढ्यात माल-सुन आली.

"अहो, सोल-हीचे बाबा! ठेवा ती बाटली खाली!"

"अगं, पोटात काहीतरी नको का जायला?"

"पोटात जातंय की फुप्फुसात, ते बघा आधी! गिळत नाहीये ती!"

तिनं जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कोंगीच्या तोंडात बोट घालून पाहिलं आणि सलाइन लावलं. "बोट चोखत नाही तोवर तोंडात थेंबही ओतू नका," ते म्हणाले. "चोखायला लागली की कोमट दूध, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. क्षारांच्या पावडरीचं पाणी मधल्या वेळेत, दुधात मिसळून नाही. मान आईला पिताना असते तशीच राहू दे. आणि हे बूच फेकून द्या."

माल-सुननं मला नवं बूच बसवलं, गरम पाण्यानं घासून धुतलं आणि गुडघ्यावर कोंगीचं तोंड घेऊन बसली. पहिल्यांदा कोंगीनं बूच ओढलं तेव्हा माल-सुन हुंदके देऊन रडली. मलाही इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आता कोंगी गोठाभर उड्या मारते.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी राग गिळलाही असता. पण आज सकाळी शेजारचा देओक-चिल आला.

"बोंग-ग्यू, आमचं वासरू फार हगतंय रे. तुमची कशानं बरी झाली?"

माल-सुन बाजाराला गेलेली. मग काय, आमच्या स्वारीनं छाती फुगवली.

"पेज! आमच्या आईचं औषध! ही बाटली घेऊन जा."

आता मी देओक-चिलच्या ओट्यावर आहे. शेजारी भात रटरटतोय, बाहेर वासरू कण्हतंय. माल-सुनला कुणीतरी बोलवा हो! मला पाय नाहीत, माझी हाक तिथवर जात नाही.

देओक-चिलनं माझं नवं बूच उजेडात धरलंय.

"अगं ए, याचं भोक फारच बारीक आहे," तो बायकोला म्हणतोय. "कात्री दे जरा."