पिवळीच्या कपाळावरची पट्टी

ते साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. माझ्या लेकीला पहिली मुलगी झाली आणि दोन-तीन दिवसांतच बाळ लिंबासारखं पिवळं दिसायला लागलं. कावीळ. मी तिथल्या तिथे तिचं नाव पिवळी ठेवून टाकलं.

कावीळ किती चढली हे बघायला टाचेत सुई टोचून रक्त नेत. नेणारे गृहस्थ स्वभावाने गरीब, पण वॉर्डातल्या बायका त्यांना डासकाका म्हणत. ते दारात दिसले की पिवळीआधी माझी लेकच भोकाड पसरायची.

डॉक्टरीणबाईंकडे नुकतंच एक नवं यंत्र आलं होतं. कपाळाला टेकवलं की टक्कन उजेड पडायचा आणि काविळीचा आकडा दिसायचा. सुई नाही, रक्त नाही. पिवळीला निळ्या दिव्यांखाली ठेवताना त्यांनी तिच्या कपाळावर एक गोल चिकटपट्टी लावली आणि लेकीला म्हणाल्या, "आकडा उतरला की घरी जायचं."

दुसऱ्या दिवशी यंत्र टेकवलं. आकडा धाडकन खाली! लेकीने पिशवी भरायला घेतली. डॉक्टरीणबाई मात्र कपाळच न्याहाळत बसल्या.

"इथली पट्टी कुठे गेली?"

"मी काढली की," जावईबापू ऐटीत म्हणाले. ते रंगारी. "कालच. चिकटपट्टी फार वेळ ठेवली तर डाग राहतो."

"अहो, ही पोरगी आहे, दाराची चौकट नाही! दिव्याने कातडीचा पिवळेपणा आधी उडतो, रक्तातला तसाच असू शकतो. म्हणून तर जागा झाकून ठेवली होती."

जावईबापूंचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे भिंतीवरचा फोटो काढला की मागे खरा रंग दिसतो, तसं?"

"अगदी तसं. आणि फोटो तुम्ही आधीच उतरवून ठेवलात."

आता रक्ताशिवाय गत्यंतर नव्हतं. लेकीने बाळ छातीशी घट्ट धरलं. "मी नाही देणार! यंत्र सांगतंय ना बरी आहे म्हणून?"

"अगं, उडालेल्या रंगावरून मी नव्या रंगाचा डबासुद्धा मागवत नाही," जावईबापू हळूच म्हणाले. "दे इकडे. पाय मी धरतो."

डासकाका म्हणाले, "चावतो हं." पिवळी एकदाच रडली. बापाला मात्र खुर्चीत बसवून पाणी पाजावं लागलं.

रक्तातला आकडा चांगलाच वर निघाला. पिशवी पुन्हा रिकामी झाली, दिवे पुन्हा लागले, कपाळावर नवी पट्टी आली. जावईबापूंनी पाळण्याला पाटी लटकवली: 'रंग ओला आहे. हात लावू नये.' सगळा वॉर्ड बघून जायचा. पुढे पट्टीखालचा आकडा आणि रक्तातला आकडा जवळपास जुळले, दोन्ही खाली, तेव्हाच आम्ही घरी निघालो.

डॉक्टरीणबाईंनी ती पाटी मागून घेतली आणि निवृत्त होईपर्यंत आपल्या खोलीत टांगली. डासकाका आता नातवंडांना गोष्टी सांगतात; त्यांत डास नेहमी शहाणा असतो. लेकीला सुई बघवत नाही ती नाहीच. जावईबापू अजून रंग लावतात, पण दुसऱ्याने लावलेली पट्टी विचारल्याशिवाय काढत नाहीत.

आणि गेल्या वर्षी पिवळीचे हात पिवळे झाले. बाप डोळे पुसत मला म्हणाला, "आई, हा पिवळा काही उतरायचा नाही."

"उतरू नयेच," मी म्हटलं. "आणि आता मोजायलाही जाऊ नका."