द्वारकेच्या सोन्याची अंगठी

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. अडतीस साली माझ्या जावयाच्या, सोपानच्या, दुसऱ्या लग्नाची बैठक वलवणला बसली, तेव्हा मी मधेच तोंड घातलं. "आमची द्वारका गेली त्याला दीड वर्ष झालं. नव्या नवरीच्या अंगावर तिच्या सोन्याचं कायतरी असू द्या. रीत हाये."

रीत आहेच. पहिली बायको गेली की दुसरी तिच्या नावाचा टाक गळ्यात घालते. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती. गेलेली रुसत नाही, आणि घरात तिला कुणी विसरत नाही. माझ्या मनात तेवढंच होतं. गुंजभर सोनं, आणि त्यावर माझी लेक.

नवरी सुलोचना; तिचा बाप हौशीराम खंडाळ्याला एका बंगल्यावर माळी. बंगल्यातल्या बायकांचे हात रोज बघून त्याची नजर तयार झालेली. तो म्हणाला, "रीत मान्य हाये. पर गळ्यात टाक नगं, पोरगी भेदरंल. त्याच सोन्याची अंगठी करा, रंगीत खड्याची. बाईसाहेबांच्या बोटात आसती तशी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. गूळ-पाणी होऊन घरी निघाले, आणि बैलगाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. द्वारकेच्या अंगावरचं सगळं तिच्या आजारपणात गेलं होतं. उरली होती एकच अंगठी, लाल खड्याची, आणि ती मी नातीसाठी ठेवली होती. बनी तीन वर्षांची. आई तिला आठवत नाही. फोटो काढू काढू म्हणता राहिला. 'ही तुझ्या आईची' म्हणून तिच्या हातात ठेवण्यासारखी जगात तेवढी एकच वस्तू होती.

आठ दिवसांनी सोपानचा निरोप आला, गेलेलीच्या बोटातली अंगठी तशीच घालायला नवरी भिते, आटवून नवी करायची; ती घेऊन लोणावळ्याला या, खडा तुम्हीच निवडा. सोपान माझ्या नणंदेचा मुलगा, म्हणून मला मामी म्हणतो. लोको शेडमध्ये फिटर. इतका गरीब, की इंजिनाला तेल घालतानाही 'घालू का' म्हणून विचारत असेल.

निघताना मी कानातल्या बुगड्या काढून पदराच्या गाठीत बांधल्या. सुदुंबऱ्याहून तळेगावापर्यंत चालत आणि पुढं गाडीनं जाईस्तोवर मनात एकच घोकत होते : बुगड्या मोडायच्या, अंगठी वाचवायची.

महिपतशेट सोनाराच्या दुकानात सोपान आधीच येऊन बसला होता. मी गाठ सोडून बुगड्या गादीवर ठेवल्या.

"शेट, ह्याची करा. सोनं चोख हाये."

सोपाननं बुगड्यांकडं बघितलं, मग माझ्या मोकळ्या कानांकडं. "मामी, हे काय?"

"सोनं ते सोनं. आत कुणाचं नाव लिवलंय का?"

"न्हाई लिवलं. पर त्यांनी द्वारकीच्याच सोन्याचं मागितलंय. आपून फसवलं आन उद्या घरात काय वंगाळ झालं, तर सुलोचनाची आई म्हनंल की..."

"सांगतंय कोन तिला?"

"मी सांगंन," सोपान खाली बघत म्हणाला. "मला लपवता येत न्हाई. आन मामी, तुमीच म्हनला व्हता."

महिपतशेटनं बुगड्या हलकेच माझ्याकडं सरकवल्या. "मावशी, कानात घाला आधी. बाईचे कान असे बरे दिसत नाहीत."

मी अंगठी दिली. त्यांनी टोकदार हत्यारानं खड्याभोवतीचं सोनं उचकटलं. खडा टपकन तळहातावर पडला, आणि तो लाल नव्हताच. पाण्यासारखा पांढरा. लाल होता तो त्याच्या खालचा चकचकीत पत्र्याचा तुकडा.

"माझं मानिक?" मी म्हणाले.

"जुनं काम आहे. खाली रंगीत पत्रा घालून बंद करायचे. हा स्फटिक. वाईट नाही, मावशी." मग माझं तोंड बघून म्हणाले, "पोरीला कळलं नाही ना? मग तिच्यापुरतं माणिकच होतं."

सगळ्या सुदुंबऱ्याला मी माणिक म्हणून दाखवलं होतं. द्वारका तापानं फणफणली होती तेव्हा तोच खडा तिच्या कपाळाला लावून बसले होते. मी पांढरा खडा कागदात गुंडाळून पदराला बांधला.

महिपतशेटनं पुड्या सोडल्या. हिरवे, पिवळे, निळे, जांभळे. "निवडा."

मी आधी सगळ्यात वाईट खडा उचलला. मळकट हिरवा, आत ढग आल्यासारखा. मुद्दामच. सोपानला वाईट-चांगलं काही कळत नव्हतं; तो "झ्याक हाये" म्हणाला. शेटना कळलं.

"वर चार काटे करून खडा उंच बसवतो," ते म्हणाले. "हल्ली तीच फॅशन आहे."

तेव्हा मला तो हात दिसला. नवरीचा नव्हे, नुसता हात. तो माझ्या बनीची वेणी घालणार होता. तोंड धुणार होता, घास भरवणार होता. रागावला तर गालावर बसणार होता.

"काटे नगं," मी म्हणाले. "पोरीच्या केसांत अडकतील. जुन्या घाटाची करा. खडा सोन्यात बुडलेला, कडा गुळगुळीत. बोट फिरवलं तर कुटं लागाय नगं."

"म्हणजे पहिलीसारखीच?"

"व्हय."

मळका खडा मी परत पुडीत टाकला आणि निळा काढला. डोहाच्या पाण्यासारखा, स्वच्छ. द्वारकेला निळं लुगडं खुलायचं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

मग त्यांनी अंगठी मुशीत टाकली आणि फुंकणी तोंडाला लावली. मी बघत बसले. द्वारकेच्या बोटानं झिजवलेली आतली बाजू आधी गेली, का वरचं कोंदण, ते धड दिसलंसुद्धा नाही. एक पिवळा थेंब झाला.

लग्न झालं. बनी बापाकडं गेली.

महिन्यानं मी लोणावळ्याला गेले. रेल्वेची चाळ, अंगणापलीकडं रूळ. सुलोचना पाया पडली. "या, आई," म्हणाली. गेलेलीचं माहेर तेच तिचं माहेर, त्या नात्यानं. मग ती बनीची वेणी घालायला बसली. निळी अंगठी केसांतून जात होती, येत होती. एकदाही अडकली नाही. बनी डोळे मिटून, मान मागं टाकून बसली होती, जशी माझ्यापाशी कधी बसली नाही. माझ्याकडं असताना तिला वेणीचा भारी राग.

सुलोचना चहा टाकायला आत गेली. मी बनीला जवळ घेतलं आणि कागद सोडून खडा तिच्या मुठीत दिला.

"हे बघ. जपून ठिव. तुझी आदली आई व्हती ना, तिचा हाये."

बनीनं मूठ उघडून खडा बघितला. उलटा केला. "ह्यो रुळावरचा हाय."

"न्हाई गं, राणी."

"हाय. बाबा म्हनत्यात रुळावरचं कायबी घरात आनायचं न्हाई. परत टाकून यायचं." आणि ती शहाण्या मुलीसारखी दुडकत अंगण ओलांडून गेली. मी उठेपर्यंत तिनं तो खडीत टाकला होता. नेम धरून, लांब.

मी गेले. काळ्या खडीत पांढरा खडा लगेच सापडेल असं वाटलं. पण आमच्याकडच्या खडीत गारगोट्या पुष्कळ. फुटलेल्या, उन्हात चमकणाऱ्या. मी एक उचलली, दुसरी उचलली. सगळ्या पाण्यासारख्या.

"आई, काय शोधताय?" मागून सुलोचना म्हणाली. बनी तिच्या कडेवर, पोरीचं बोट त्या निळ्या खड्यावर गुळगुळीत फिरत होतं. "मी बघू का?"

"काय न्हाई गं," मी म्हणाले. "चहा निवंल."