टाचेत केस नव्हता

पलंगावरून उतरण्याआधी पाय सरळ करा. टॉवेल चवड्याभोवती टाका. दोन्ही टोकं धरून पंजा हळूहळू स्वतःकडे ओढा आणि

"आई, माझा टॉवेल कुठंय?"

"माझ्या पायात."

"शी! मी त्यानं तोंड पुसते!"

आणि सोडून द्या. लेकीनं टॉवेल दोन बोटांत धरून नेला, मेलेला उंदीर न्यावा तसा. मी पाय जमिनीवर टेकला. टाचेत खिळा. रोज सकाळी हाच खिळा, त्याच जागी. रात्रभर पलंगाखाली बसून कुणी ठोकत असतं का कोण जाणे.

मी केस कापते. पार्लरमध्ये खिडकीजवळची खुर्ची माझी, आणि तिच्याभोवती मी दिवसभर उभी. कापलेला बारीक केस काट्यापेक्षा वाईट. तळपायात घुसला की दिसत नाही आणि निघत नाही. त्यामुळे टाच दुखायला लागली तेव्हा पार्लरभर एकच निदान झालं: केस रुतलाय. घरी सासूबाईंनी चष्म्यावर भिंग धरलं, सुई तापवली आणि खोदकाम काढलं.

"दिसला का?"

"दिसला बहुतेक. हलू नकोस. थांब... नाही गं, तीळ होता."

"टाचेवर तीळ?"

"आता नाहीये."

असे कित्येक आठवडे. शेवटी फिजिओबाईंकडे गेले. त्यांनी टाचेच्या आतल्या कडेला अंगठा दाबला आणि मी त्यांच्या टेबलावरचा पेनांचा डबा पाडला.

"केसबीस काही नाही," त्या म्हणाल्या. "टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो दुखावलाय. सुई बंद. व्यायाम या कागदावर लिहिलेत, घरीच करायचे."

"बरं कधी होणार?"

"काही महिने धरून चाला."

"मला सोमवारी दिवसभर उभं राहायचंय हो."

"मग सोमवारीही दुखेल."

फी घेऊन असं बोलतात.

सोमवारचं असं होतं. पार्लरच्या मॅडमनी मला लंगडताना पाहिलं होतं. "सोमवारपासून सरळ उभी राहणार असशील तर रहा," त्या म्हणाल्या. "नाहीतर काउंटरवर बस. फोन घे, नंबर लाव. खिडकीची खुर्ची मी नव्या मुलीला देते." नवी मुलगी! तिला अजून मानेवरची केसांची रेघ सरळ कापता येत नाही. आणि मी फोनवर "थांबा हं, बघते" म्हणत बसू? हातातली कात्री गेली की माझं राहिलं काय?

म्हणून: पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये ठेवून बर्फ करा. पातळ फडक्यात गुंडाळा. तळपायाखाली धरून मागे-पुढे

बाटली नव्हती. नवरा डिलिव्हरीची गाडी चालवतो. संध्याकाळी रिकामी बाटली हलवत आला.

"ऊन काय होतं! गार पाणी मिळालं, जीव आला."

"ती माझ्या पायाखालची होती."

त्यानं बाटलीच्या तोंडाचा वास घेतला. "तरीच," म्हणाला.

भिंतीला हात टेका. दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. पुढे झुका. पोटरीला ताण

"भिंत पडतेय का गं?" सासूबाई.

"व्यायाम आहे, आई."

"मग त्या भिंतीवर कर. हिचा रंग ताजा आहे."

पुढची सूचना मात्र कुणी मध्ये तोडली नाही. ती मीच मोडत होते.

घरात अनवाणी चालू नका. मऊ तळाची चप्पल घाला.

आमच्या घरात उंबऱ्याच्या आत चप्पल येत नाही. नियम माझा. लेक रांगायला लागली तेव्हा तिच्या तोंडातून गिऱ्हाइकाचे केस निघाले होते. त्या दिवसापासून सगळे अनवाणी. सासूबाई राहायला आल्या तेव्हा त्यांच्या मऊ सपातासुद्धा दारातच अडवल्या मी. त्यामुळे माझ्या नव्या चपला खोक्यासकट दाराबाहेर पडून होत्या, आणि मी टॉवेल ओढून, भिंत ढकलून, बर्फ घासून झालं की त्याच कडक फरशीवर अनवाणी फिरत होते. आणि टाच दुखायची का थांबत नाही म्हणून सगळ्यांवर खेकसत होते.

रविवारी स्वयंपाकघरात मी ओट्याला धरून एका पायावर उभी होते. सासूबाई आल्या आणि पायाशी चपला टाकल्या.

"घाल."

"बाहेरच्या आहेत."

"साबणानं धुतल्यात. रस्ता बघितलेला नाही त्यांनी. घरातच जन्मल्यात समज."

"नियम आहे, आई."

"नियमाला टाच नसते."

"मग मीपण घालणार," लेक आतून ओरडली.

"मीपण," नवरा.

सासूबाई आतल्या खोलीत गेल्या. कपाट उघडून कपड्यांच्या तळातून त्यांनी त्या जुन्या सपाता काढल्या. माझ्याच घरात, माझ्याच साड्यांखाली!

मी चपला घातल्या. वाटलं होतं, चमत्कार होईल. कसला चमत्कार, दुखलंच. थोडं कमी दुखलं का? विचारू नका. हो म्हटलं की सासूबाई जिंकतात.

सोमवारी उठायच्या आधी टॉवेल ओढला. माझा स्वतःचा. चपलेतच पाय उतरवला. खिळा होता, पण आज कुणी पुरता ठोकलेला नव्हता. पार्लरमध्ये जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभी राहिले. नंतरची बाई खुर्चीत बसली, मी तिची मान पुढे केली, आणि टाचेतून कळ अशी निघाली की कात्री हवेतच थांबली. आरशात मॅडम बघत होत्या. नवी मुलगी माझ्या कंगव्यांकडे बघत होती.

मी लंगडत काउंटरपाशी गेले. तिथलं चाकांचं स्टूल ढकलत आणलं, गिऱ्हाइकाची खुर्ची पार खाली घेतली आणि बसले.

"हे काय?" मॅडम.

"तुम्हीच म्हणालात ना, बस."

"काउंटरवर!"

"स्टूल काउंटरचंच आहे."

"बसून कापतात का कुणी? गिऱ्हाइकाला काय वाटेल?"

"गिऱ्हाइकाला वाटतंय," खुर्चीतली बाई मान खाली घालूनच म्हणाली, "तुमचं भांडण संपलं तर माझे मागचे केस होतील."

काउंटरवर फोन वाजायला लागला. तिथं कुणीच नव्हतं. थोडा वेळ वाट बघून मॅडम स्वतःच गेल्या. "थांबा हं, बघते," त्या फोनवर म्हणाल्या.

टाच ठणकतच होती. मी पायानं स्टूल सरकवलं, दुखऱ्या नव्हे, दुसऱ्या, आणि मानेवरची रेघ धरली.